दीड तास कुणी उठवलं नाही



मागच्या अंकात आपण वीटभट्टीवरच्या बायकांच्या उचलीबद्दल लिहिले होते. त्याच्या आधी गोदामांतल्या रात्रपाळीबद्दल. या अंकाचे संपादकीय फुटबॉलच्या स्टेडियमबद्दल लिहिणार आहे, असे मी बैठकीत सांगितले तेव्हा आमच्यातल्या एकीने सरळच विचारले, "ताई, आपले बाकीचे सगळे प्रश्न सुटले का?"

नाही सुटले. तरीही लिहिते आहे. का, ते शेवटपर्यंत वाचा आणि मग तुम्हीच ठरवा.

अंबाडी हे भिवंडी-वाडा रस्त्यावरचे नाक्याचे गाव. एका अंगाला वज्रेश्वरी-गणेशपुरी, दुसऱ्या अंगाला भिवंडीची गोदामे आणि यंत्रमाग. इथल्या मुलींना लंगडी, खो-खो, कबड्डी नवी नाही. फुटबॉल मात्र नवा. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याच्या आधी १५ सप्टेंबरला राज्यातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम शासनाने केला, शाळाशाळांतून चेंडू वाटले. आमच्या भागातल्या एका शाळेतही चेंडू आला. मुलांनी तो थोडे दिवस लाथाडला, मग क्रिकेटचे दिवस आले आणि चेंडू कपाटात गेला. तो कपाटातून बाहेर काढला मुलींनी. भातकापणी झाल्यावर रिकाम्या पडलेल्या वावरात त्या खेळायच्या. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून, अनवाणी. तेव्हा चौथी-पाचवीत असलेल्या या मुली २०२२ साली नववी-दहावीत पोचल्या, आणि त्यांना कळले की आता मुलींचा विश्वचषक आपल्याकडे आहे, आणि त्याचा अंतिम सामना नेरूळला आहे.

"ताई, न्याल?" एवढेच त्यांनी विचारले.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. दिवाळी नुकतीच संपलेली, शाळेला सुट्टी. चौदा मुली आणि आम्ही पाच बाया, भाड्याची मोठी गाडी करून निघालो. भारताच्या मुली भुवनेश्वरला गटातले तिन्ही सामने हरून आधीच बाहेर पडल्या होत्या. अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. "हरल्या तर हरल्या," आमची गोलरक्षक म्हणाली, "खेळल्या तरी." त्या भारतीय संघाची कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली. तिच्या सन्मानार्थ तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधायला काढला, आणि त्या रस्त्यावर तिचेच आईबाप रोजंदारीवर राबत होते. ही बातमी मी मुलींना गाडीत वाचून दाखवली. कुणी काही बोलले नाही. त्यांच्यातल्या चार-पाच जणींचे आईबापही रोजंदारीवरच जातात.

अंतिम सामना स्पेन आणि कोलंबिया यांच्यात. रात्री आठची वेळ. संपायला थोडी मिनिटे उरली होती आणि कोलंबियाच्याच एका मुलीकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. स्पेन १-० ने जिंकले. आमच्या मुली कोलंबियासाठी रडल्या. तो देश नकाशात कुठे आहे हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शोधले.

आता मूळ विषयाकडे येते.

मुंबईच्या फुटबॉलवेड्यांमध्ये एक वाद जुना आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी या संघाचे घर होते नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. २०१६ मध्ये ते घर बदलून अंधेरीला आले, महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातल्या मैदानावर. नेरूळचे स्टेडियम प्रचंड, चाळीस-पन्नास हजार माणसे मावतील एवढे. पण ते मुळात क्रिकेटसाठी बांधलेले, म्हणजे गोल. फुटबॉलचे मैदान चौकोनी. त्यामुळे बाके आणि खेळाडू यांच्यात मोठे अंतर राहते. अंधेरीचे मैदान लहान, दहा हजारांहून कमी माणसांचे, पण खेळ अगदी डोळ्यांसमोर. नव्या घरात आल्यावर प्रेक्षकांची दोन मते झाली. काही म्हणतात, अंधेरीत आवाज घुमतो, गाणी घुमतात, संघाला बळ येते. काही म्हणतात, एवढ्याशा जागेत एवढ्या मोठ्या शहराचा संघ कसा मावायचा? नोव्हेंबर २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सौदी अरेबियाचा अल-हिलाल संघ आला, तेव्हा सामना पुन्हा नेरूळलाच घ्यावा लागला.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. लंडनचा वेस्ट हॅम संघ २०१६ मध्ये आपले शंभर वर्षांहून जुने मैदान सोडून ऑलिंपिकच्या स्टेडियमवर गेला. तिथेही हेच गाऱ्हाणे. खेळ लांब गेला, शेजार तुटला, जुनी मजा राहिली नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, जागा वाढली, नव्या लोकांना तिकिटे मिळाली.

नेरूळहून आल्यावर आम्हीही समाजमंदिरात बसून असाच वाद घातला. मुलींसाठी पुढच्या वर्षी एक सामना लहान मैदानावर पाहिला होता, त्यामुळे तुलना करायला दोन्ही होती. त्या बैठकीत जे बोलले गेले ते जमेल तसे इथे लिहिते, कारण वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर मी असे मत कधी वाचले नाही.

गोलरक्षक मुलगी म्हणाली, लहान मैदान चांगले. का, तर तिथे गोलरक्षक आपल्या मुलींना काय ओरडून सांगते ते ऐकू येते. "टीव्हीवर ते कधीच ऐकू येत नाही. मी गप्प उभी राहते, ही माझी चूक आहे, हे मला तिथं कळलं."

गोदामात काम करणारी वहिनी म्हणाली, मोठे मैदान चांगले. "लांबून दिसलं तरी चालेल. पण आजूबाजूला रिकामी खुर्ची होती. अंगावर कुणी रेललं नाही. दिवसभर मी माणसांच्या गर्दीतच असते."

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, बायकांना वेगळी बाजू पाहिजे. लोकलला लेडीज डबा असतो तशी. त्यावर कॉलेजात जाणारी मुलगी उसळून म्हणाली, "लेडीज डबा दिला आणि बाकीची सगळी गाडी त्यांची झाली. तसंच इथं करायचं का? मला जिथं गाणी म्हणतात तिथं उभं राहायचंय. त्यांना ढोल येतो, मलाही येतो." मुंबई सिटीच्या समर्थकांचा 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' नावाचा गट आहे. ते सामनाभर उभे राहून गातात. ते तिने पाहून ठेवले होते.

बचत गटातल्या आजी म्हणाल्या, "खेळ चांगला. वेळ चोराची."

आणि सगळ्यांत शेवटी एक आई बोलली. बैठकीत ती सहसा बोलत नाही. तिची मुलगी संघात बचावाला खेळते. ती म्हणाली, "मला लांब-जवळचं काही कळलं नाही. घरी टीव्हीवर सामना असला की मला चहाच्या फेऱ्या. कुणाला पाणी, कुणाला कांदाभजी. गोल झाला की मी हॉलमध्ये येऊन विचारते, कुणी केला? तिथं दीड तास मला कुणी उठवलं नाही."

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. चाळीस वर्षांची ही बाई. लग्नाला बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत सलग दीड तास, जागेपणी, हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या कुणाच्या कामासाठी न उठता ती कधी बसली होती, ते तिला आठवेना. देवळातही नाही, कारण तिथे प्रसाद असतो. लग्नातही नाही, कारण तिथे पंगत असते.

फुटबॉलप्रेमी ज्याला 'सामन्याचा दिवस' म्हणतात, तो पुरुषांसाठी मैदानाच्या फाटकाशी सुरू होतो. आवाज कसा, बाक कसा, वडापाव केवढ्याचा, गाणी कोणती. हे प्रश्न खोटे नाहीत. मलाही आता त्यांत रस वाटू लागला आहे. पण आमचा सामन्याचा दिवस घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो आणि उंबऱ्यावरच संपतो. सकाळी दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवणे, सासूबाईंना विचारणे, नवऱ्याला सांगणे (विचारणे आणि सांगणे यांतला फरक प्रत्येकीला ठाऊक आहे), मधल्या वेळात लघवीला जाता येईल का याचा अंदाज घेऊन पाणी कमी पिणे, आणि परतीची गाडी. यातले काहीच स्टेडियमच्या नकाशात दिसत नाही. म्हणून नवे स्टेडियम चांगले की वाईट, हे आम्ही नुसते बाकावरून ठरवू शकत नाही.

लहान मैदानावरचा अनुभवही सांगायला हवा. मैदानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. प्रश्न एका जागेचा नाही, आणि माझी खात्री आहे की तुमच्यापैकी अनेकींनी तो निरनिराळ्या जागी घेतला असेल. पहिली गोष्ट स्वच्छतागृह. बायकांचे होते, पण त्याचा दिवा बंद होता आणि आत सामान रचून ठेवले होते. मुली दोघी-दोघींनी गेल्या, एक आत, एक मोबाइलचा उजेड धरून दारात. दुसरी गोष्ट शिव्या. आमच्या मागच्या रांगेतले तरुण पंचाला, विरुद्ध संघाला शिव्या देत होते. सगळ्या शिव्या आईच्या आणि बहिणीच्या. पंच पुरुष, खेळाडू पुरुष, चूक पुरुषांची, आणि शिवी मात्र घरी बसलेल्या बाईला. अर्धा तास आम्ही ऐकून घेतले. मग अंगणवाडीच्या ताई मागे वळून म्हणाल्या, "दादा, चूक त्याची आहे ना? मग नाव त्याचं घ्या." तरुण गडबडले. एकाने "सॉरी मावशी" म्हटले. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा सुरू, पण जरा खालच्या आवाजात. एवढाच विजय. पण तो वेगळ्या बाजूला बसून मिळाला नसता, हेही खरे.

याबाबत आमच्यात आजही एकमत नाही. अंगणवाडीच्या ताईंना वेगळी बाजू हवीच आहे. त्या म्हणतात, "मी वळून बोलले, पण दर वेळी मीच का वळायचं? मी सामना बघायला आले होते." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मला एवढेच वाटते की राखीव बाजू शिडीसारखी असावी, कुंपणासारखी नसावी. जिला हवी तिने चढावी, जिला नको तिला कुणी तिकडेच ढकलू नये.

कुंपण कसे असते ते इराणच्या बायकांना विचारावे. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे पुरुषांचे फुटबॉल सामने पाहायला बायकांना बंदी झाली. मुली पुरुषी कपडे घालून, खोटी दाढी लावून आत शिरायच्या. सहर खोदायारी नावाच्या तरुणीला अशीच आत शिरताना २०१९ मध्ये पकडले. तुरुंगवास होईल या धास्तीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. जगभर गदारोळ झाला. १० ऑक्टोबर २०१९ ला तेहरानच्या आझादी स्टेडियमवर बायकांना सोडले. कंबोडियाविरुद्धच्या सामन्यासाठी सुमारे साडेतीन हजार तिकिटे त्यांना मिळाली, पाऊण लाखांहून मोठ्या स्टेडियममध्ये, जाळीने वेगळ्या काढलेल्या कोपऱ्यात. तरी त्या दिवशी त्या आनंदाने रडल्या. मार्च २०२२ मध्ये मशहदला हातात तिकिटे असलेल्या बायकांना पुन्हा फाटकावरच अडवले आणि त्यांच्यावर तिखटाचा फवारा मारला.

आणि या दोन घटनांच्या मध्ये इराणच्या मुली आपल्याकडे येऊन गेल्या आहेत. २० जानेवारी २०२२, महिलांचा आशियाई चषक, नेरूळचेच मैदान, भारत विरुद्ध इराण, ०-०. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. तीनच दिवसांनी भारतीय संघात कोरोनाची लागण निघाली आणि घरच्या स्पर्धेतून आपल्या मुलींना बाहेर पडावे लागले. ज्या मुलींना आपल्या देशात बाकावर बसायची मुभा नव्हती, त्या आपल्याकडे मैदानात उतरल्या, तर बाके रिकामी.

"आपल्याकडे कुठे बंदी आहे?" असे कुणी म्हणेल. बंदी नाही. इंग्लंडातही आज नाही. पण तिथली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर २६ डिसेंबर १९२० रोजी दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलेल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळू द्यायला मनाई केली. हा खेळ स्त्रियांना मानवत नाही, असे कारण दिले. ही बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. २०२५ मध्ये एव्हर्टनचा पुरुष संघ नदीकाठच्या नव्या कोऱ्या स्टेडियमवर गेला आणि जुने गुडिसन पार्क महिला संघाचे कायमचे घर झाले. नव्या स्टेडियममध्ये सुमारे ५३ हजार माणसे बसतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे त्या मुलींना पाहायला आली होती, साधारण तेवढीच. बायकांना दिलेले ते जुने घर म्हणजे दादाची आखूड झालेली पँट धाकटीला, की हिसकावलेली जागा परत मिळणे? दोन्ही मते ऐकायला मिळतील. मला वाटते, दोन्ही खरी आहेत. अमेरिकेत कॅन्सस सिटीला मार्च २०२४ मध्ये मुद्दाम महिला संघासाठी बांधलेले साडेअकरा हजारांचे स्टेडियम उघडले. तिथे हा प्रश्नच आला नाही.

आपल्याकडे बंदी नाही, पण वेळ आहे, अंतर आहे आणि नाका आहे. आता मी माझ्या चुकीबद्दल लिहिते. ते लिहिल्याशिवाय हे संपादकीय प्रामाणिक होणार नाही.

अंतिम सामन्याला निघण्यापूर्वी मी चौदा घरी गेले. प्रत्येक घरी सांगितले, "साडेअकरापर्यंत आणून सोडते." मला माहीत होते की आठचा सामना दहाला संपेल, बक्षीस समारंभ होईल, नेरूळ ते अंबाडी साठेक किलोमीटर, मध्ये मानकोलीपासून ट्रेलरची रांग आणि पुढे वाडा रस्त्याचे खड्डे. मला माहीत होते की एक वाजेल. पण एक म्हटले असते तर निम्म्या मुली आल्या नसत्या, म्हणून मी साडेअकरा म्हटले. आम्ही एक वाजून दहा मिनिटांनी नाक्यावर उतरलो. चार बाप आणि एक काका वाट पाहत उभे होते, आणि पानटपरीच्या फळीवर बसलेली नेहमीची मंडळीही होती. दुसऱ्या दिवशी नाकाभर एकच वाक्य फिरत होते, "पोरी रात्री एकला कुठून आल्या?"

बाकीच्या घरी रागावणे, समजावणे झाले आणि निभावले. एका घरी निभावले नाही. तिच्या काकांनी तिचा सराव बंद केला. ती आमची सर्वांत वेगवान मुलगी. मी तीनदा त्या घरी गेले. काका मला म्हणाले, "ताई, तुम्ही एक वाजता म्हणाला असतात तर मी स्वतः गाडीत बसून आलो असतो. तुम्ही साडेअकरा म्हणालात." मला बोलायला तोंड राहिले नाही. दहावीनंतर ती खेळायला आली नाही. तिची धाकटी बहीण येते, थोरलीचे बूट घालून. बुटाच्या टोकात कापूस भरते.

आपण चळवळीतल्या बाया घरच्यांवर पुष्कळ टीका करतो. काही वेळा ती योग्यही असते. पण त्या रात्री मुलीला घरात परत बांधणारी दोरी मी स्वतः काकांच्या हातात दिली. मुलींना बाहेर न्यायचे असेल तर परतीची खरी वेळ सांगून न्यायचे, ती वेळ मान्य करून घ्यायची, आणि हवे तर घरच्यांनाच सोबत घ्यायचे. हे आम्ही त्यातून शिकलो. दुसऱ्या सामन्याला चौदातल्या पाचच मुली आल्या, पण त्यांच्यासोबत दोन बाप आले. एक बाप सामन्यानंतर मुलीला म्हणाला, "तू कुठे उभी राहतेस ते आता मला कळलं." तो बैठकीला येत नाही, पण मुलीला सरावाला आता तोच सोडतो.

तर मग आमची मागणी काय? फार मोठी नाही. मुलींचे, बायकांचे सामने ठेवताना वेळ टीव्हीच्या सोयीने न ठरवता ज्यांनी यावे असे वाटते त्यांच्या सोयीनेही ठरवावी. दुपारी चारचा सामना आमच्या आजीसुद्धा पाहतील. सामना रात्रीचाच असेल तर स्टेशनपर्यंत आणि पुढे तालुक्याच्या गावापर्यंत गाडीची सोय हा सामन्याचाच भाग धरावा. प्रत्येक मजल्यावर पाणी आणि दिवा असलेले स्वच्छतागृह, आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ते उघडे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या बाया रस्त्यावरच्या मुताऱ्यांसाठी भांडत आल्या आहेत. स्टेडियम त्याला अपवाद नाही. बाकांमधून फिरणाऱ्या व्यवस्थापकांत बाया असाव्यात आणि तक्रार तिथल्या तिथे ऐकून घेतली जावी. आणि हे सगळे बांधकाम होण्यापूर्वी, नकाशा काढतानाच विचारात घ्यावे. भिंत उठल्यावर बायकांची सोय नेहमी जिन्याखालीच होते.

हे होऊ शकते, याचा पुरावा नेरूळनेच दिला आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. तरी स्टेडियम गच्च भरलेले होते, त्यात बाया होत्या, मुली होत्या. बायकांना खेळात रस नसतो, हे यापुढे कुणी सांगू नये. पण त्या गर्दीत अंबाडीची एकही नव्हती, हेही मी इथे लिहून ठेवते. आम्ही समाजमंदिरात टीव्ही लावून पाहिला. आणि हो, चहा त्या रात्री मुलांनी केला.

आता पहिल्या प्रश्नाकडे. बाकीचे प्रश्न सुटलेले नसताना हे कशाला? मैत्रिणींनो, उचल, मजुरी, रात्रपाळी, पाणी हे सगळे प्रश्न बाईच्या कष्टाचे आहेत. ते सोडवायलाच हवेत. पण कष्टाचा मोबदला म्हणजे नुसते पैसे का? दीड तास स्वतःच्या आवडीचे काही पाहत बसणे, ओरडणे, हळहळणे, अनोळखी माणसांसोबत टाळी वाजवणे, हाही हक्कच आहे. गड्याचा तो पिढ्यान् पिढ्या गृहीत धरलेला आहे, पारावर, टपरीवर, मैदानात. बाईने मागितला की "बाकीचे प्रश्न सुटले का?" असे विचारले जाते, आणि विचारणारी कधी कधी आपल्यातलीच असते.

आम्ही एक ठरवले आहे. यंदा भातकापणी उरकल्यावर, मार्गशीर्षात, शाळेच्या मागच्या वावरात आसपासच्या गावांतल्या मुलींचे सामने घ्यायचे. सामने सकाळी दहाला सुरू, दुपारी तीनला शेवट. बाकांच्या जागी ताडपत्री आणि मंडपवाल्याच्या खुर्च्या. मागे बाजूला पाण्याचा पिंप आणि आडोसा. पुढच्या दोन रांगा खेळणाऱ्या मुलींच्या आयांसाठी. कुणाला वेगळे बसायचे असेल तर डावीकडे जागा आहे, कुणाला ढोलाशी उभे राहायचे असेल तर उजवीकडे. आणि एकच नियम सगळ्यांसाठी, शिट्टी वाजली की संपेपर्यंत कुठल्याही आईला कुणी चहासाठी उठवायचे नाही.

ज्या काकांना मी साडेअकरा सांगितले होते, त्यांच्याकडे ताडपत्री मागायला मी गेले होते. त्यांनी दिली. थोरली पुतणी सामन्याला येईल का, ते मी विचारले नाही. धाकटी येणार आहे. तिला खेळताना पाहायला थोरली आली, तर तिच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.

तुमच्या गावात, वस्तीत बायका खेळ पाहायला बाहेर पडतात का? कुठवर जातात, कधी परततात, परतल्यावर काय ऐकतात? जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रे छापू.

तुमचीच,
संपादक
अंबाडी